पंखा बंद, संशोधन सुरू

मे महिन्यात विदर्भात जो माणूस स्वतःच्या हातानं पंखा बंद करतो, तो एक तर डोक्यानं गेलेला असतो किंवा मायक्रोबायोलॉजीत नोकरीला असतो. मी दुसऱ्या गटातली. पहिल्याही गटातली, असं घरच्यांचं मत आहे. प्लेटांवर जंतू पेरताना बर्नरची ज्योत हलायला नको आणि हवेतली धूळ प्लेटवर बसायला नको, म्हणून पंखा बंद. बाहेर ४५ अंश, समोर पेटता बर्नर, अंगात पूर्ण बाह्यांचा ॲप्रन आणि शेजारी एमबीबीएसचे दोन विद्यार्थी, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांनी उन्हाळ्याची सुट्टी संशोधनाला अर्पण केलेली आहे. ‘अर्पण’ हा त्यांच्या अर्जातला शब्द.

“मॅडम, इथे एसी आहे ना?” मुलानं विचारलं.

“आहे. इनक्युबेटरसाठी.”

इनक्युबेटरचं काम आतलं तापमान ३७ अंशांवर ठेवणं. पण त्या बिचाऱ्याला फक्त तापता येतं, निवता येत नाही. खोलीच ४० वर गेली की त्याची विद्या संपते. म्हणून एसीचा सगळा झोत त्याच्या दिशेनं.

“म्हणजे जंतूंना एसी आणि आम्हाला नाही?”

“जंतू मेले तर प्रोजेक्ट बुडेल.”

“आणि आम्ही मेलो तर?”

“तर रिपोर्ट उशिरा जाईल.”

एमबीबीएसच्या मुलांना संशोधनाची गोडी लागावी म्हणून आयसीएमआरनं १९७९ पासून शॉर्ट टर्म स्टुडंटशिप सुरू केली आहे. एक विद्यार्थी, एक गाइड, दोन महिने. शेवटी रिपोर्ट द्यायचा, तो मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन. हेतू इतका चांगला, की त्याच्या आड येणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे माणसं. गोडी लागायला कोण येतं ते मी बरीच वर्षं पाहते आहे. एकाला अमेरिकेला जायचं असतं आणि तिकडे बायोडेटात एक ओळ कमी पडत असते. एकीच्या रूममेटनं फॉर्म भरलेला असतो. एकाच्या घरी मे महिन्यात तीन चुलत भावंडांची लग्नं असतात आणि पत्रावळी वाढण्यापेक्षा जंतू वाढवणं त्याला सोपं वाटतं. गाइड तरी काय, पदोन्नतीच्या फॉर्ममध्ये ‘मार्गदर्शन केलेले प्रकल्प’ असा एक रकाना असतो. तेव्हा गोडी दोन्हीकडून सारखीच.

विषय निवडताना खरी मजा येते. मागे एका हुशार मुलानं ‘स्क्रब टायफस’ घेतला. उत्तम विषय. विदर्भात २०१८ साली या तापानं चांगलीच झोप उडवली होती. अडचण एवढीच, की हा ताप पसरवणारी चिगर माइटची पिल्लं गवत-झुडपांत असतात, गवत पावसानंतर वाढतं आणि या मुलाचे दोन महिने मे आणि जून. मे महिन्यात आमच्याकडे गवत फक्त खसच्या ताट्यांत असतं.

तो रोज वॉर्डात जायचा, रोज हात हलवत परत यायचा. मग त्यानं हवामान खात्याचा अंदाज पाहायला सुरुवात केली. “मॅडम, केरळात आलाय,” तो आनंदानं सांगायचा. “मॅडम, कोकणात अडकलाय.” एक दिवस अधिष्ठात्यांनी राउंडला विचारलं, “स्क्रब टायफसचे पेशंट किती?” तो म्हणाला, “एकही नाही, सर.” सर म्हणाले, “वा, छान!” त्या ‘छान’वर पोराचा चेहरा असा पडला, की घरात काही झालंय का म्हणून सिस्टरनं विचारलं. शेवटी त्याचे दोन महिने संपले आणि मग गवत वाढलं. रिपोर्टमध्ये ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या सदराखाली त्यानं मान्सूनचं नाव घातलं.

म्हणून यंदा ऋतू न पाहणारा विषय घ्यायचा ठरला. मुलीनं घेतले डॉक्टर-कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवरचे जंतू, मुलानं स्टेथोस्कोपवरचे. मोबाईल बाराही महिने उगवतो.

आता किती मोबाईल तपासायचे? त्याला सूत्र आहे: चार पी क्यू भागिले एलचा वर्ग. यातला एल म्हणजे आपण किती चूक चालवून घेणार ते. पी ५० टक्के धरला आणि चूक ५ टक्के चालवून घेतली, तर उत्तर येतं ४००. मुलीचा चेहरा पांढरा पडला. चूक १० टक्के केली तर उत्तर येतं १००. चेहऱ्यावर रंग आला. “मॅडम, अजून थोडी चूक चालवून घेतली तर?” संख्याशास्त्र इतकं समंजस आहे हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं.

मग एथिक्स कमिटी. नियमाप्रमाणे तिथे डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार लागतो आणि सामान्य नागरिकांचा प्रतिनिधीही लागतो. वकीलसाहेबांनी चष्मा पुसून पहिलाच प्रश्न टाकला, “स्वॅब घेत असताना त्या मोबाईलवर फोन आला तर?”

शांतता पसरली. असा विचार कुणीच केला नव्हता. एक सदस्य म्हणाले, फोन घेऊ द्यावा. दुसरे म्हणाले, मग कानाचे जंतू नव्यानं लागतील. तिसऱ्यांचं म्हणणं, स्वॅब घेणाऱ्या विद्यार्थिनीनं फोन घेऊन ‘साहेब कामात आहेत’ असं सांगावं. त्यावर गोपनीयतेचा मुद्दा निघाला. ही चर्चा मध्ये मध्ये थांबत होती, कारण सदस्यांचे मोबाईल वाजत होते. शेवटी ठराव झाला: ‘सहभागी व्यक्तीचा फोन घेण्याचा हक्क अबाधित राहील.’ मुलीनं तो संमतीपत्रात घातला आणि संमतीपत्र चार पानांचं झालं.

पहिल्या दिवशी आमच्या विभागप्रमुखांचं भाषण असतं. ते दरवर्षी तेच असतं आणि दरवर्षी खरं असतं. “वाल्डेमार हाफकिन १८९६ साली मुंबईत आले. प्लेगची साथ पेटलेली. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली नि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून, तीन शिपाई. तेवढ्यावर त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली!” इथे सर थांबतात, सगळ्यांकडे पाहतात आणि म्हणतात, “तेव्हा तुमचं टेबल व्हरांड्यात राहील.”

हाफकिननं प्लेगचे जंतू वाढवायला मांसरसावर तूप सोडलं होतं, तुपाच्या थेंबांना धरून वाढ खाली लोंबायची, हेही सर सांगतात. त्यावर आमचा स्टेथोस्कोपवाला उठून म्हणाला, “सर, तुपाचं बिल कुठल्या हेडखाली टाकलं असेल?” हा मुलगा शास्त्रज्ञ होईल की नाही सांगता येत नाही, पण अधिष्ठाता नक्की होणार.

नंतर अगार ओतण्याचा धडा. हा समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ, यावरच जंतू वाढवतात. तो उकळून पातळ करायचा, प्लेटांत ओतायचा आणि घट्ट व्हायची वाट पाहायची. घट्ट होतो तो चाळीस अंशांच्या आत आला की. आमची खोली काही आत यायला तयार नव्हती. आम्ही तिघं प्लेटांकडे आणि प्लेटा आमच्याकडे पाहत बसलो.

वेळ घालवायला मी इतिहास सांगितला. पूर्वी जिलेटिन वापरत. जर्मनीत वाल्टर हेस नावाच्या डॉक्टरची प्लेटांवरची वाढ १८८१च्या उन्हाळ्यात जिलेटिन वितळून वाहून जाऊ लागली. बायको फॅनी म्हणाली, मी जेलीत अगार घालते, ती उन्हाळ्यातही टिकते. हेसनं ते रॉबर्ट कॉखला कळवलं आणि जग बदललं. पुढे १८८७ मध्ये पेट्रीनं झाकणाची बशी काढली.

“बशीला पेट्रीचं नाव मिळालं,” मुलगी म्हणाली, “मग अगारला फॅनीचं का नाही?”

“कारण तो स्वयंपाकघरातून आला,” मी म्हटलं. त्या मुलीनं हे वहीत लिहून घेतलं. बाकीचं काही लिहिलं नव्हतं.

ई. कोलाय हा जंतू सोय मिळाली की वीस मिनिटांत दुप्पट होतो. विद्यार्थी वीस मिनिटांत चहाला जाऊन येतो. दोघांच्या वेळापत्रकांचा मेळ घालणं हे गाइडचं काम. प्लेट ठेवल्यावर सोळा-अठरा तासांनी वाचायची असते. दुपारी दोनला ठेवली तर सकाळी सहा ते आठ. हे गणित सांगितल्यावर मुलगा म्हणाला, “मॅडम, जंतूंना दहाची वेळ देता येणार नाही का?” या सगळ्या कारभारात प्रोटोकॉल न वाचलेला पक्ष एकच, आणि नेमका तोच वेळ पाळतो.

ग्रॅम स्टेन शिकवला. हान्स ख्रिश्चन ग्रॅमनं १८८४ मध्ये काढलेली ही रीत. जांभळा रंग, आयोडिन, मग अल्कोहोलनं धुणं, मग लाल. धुणं जास्त झालं की जांभळे दिसायला हवेत तेही लाल दिसतात. मुलानं इतक्या तळमळीनं धुतलं, की स्लाइडवर लाल-जांभळं काहीच उरलं नाही, नुसती काच. सिंकचं स्टेनिंग मात्र सुरेख झालं. दुसऱ्या खेपेला त्याला गोल गोल जंतू दिसले आणि त्यानं सगळ्या विभागाला बोलावलं. ते रंगाचे कण होते. रंगाच्या कणांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजवर जेवढा आनंद झाला असेल, तेवढा खऱ्या जंतूंना पाहून कुणाला झाला नसेल.

एका प्लेटवर प्रोटियस आला. हा जंतू एका जागी बसत नाही, लाटांमागून लाटा करत अख्ख्या प्लेटभर पसरतो; रेल्वेच्या जनरल डब्यात ‘जरा टेकतो’ म्हणून बसलेला आणि पुढच्या स्टेशनला वळकटी पसरून आडवा झालेला प्रवासी तसा. खालचे बाकीचे जंतू दिसेनासे होतात. प्लेट पुन्हा करायची.

दुसऱ्या प्लेटवर बुरशी आली. मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, “मॅडम, फ्लेमिंगच्या प्लेटवरही बुरशीच होती.”

“फ्लेमिंग १९२८च्या ऑगस्टमध्ये सुट्टीवर गेला, सप्टेंबरमध्ये परत आला, तेव्हा त्याला ती दिसली. तुझी तर तू असतानाच आली.”

“म्हणजे मी सुट्टीवर जाऊ?”

सुट्टीचा विषय निघाला की सगळ्यांना बॅरी मार्शल आठवतो. ऑस्ट्रेलियात, पर्थला, १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस इनक्युबेटरमध्ये राहिल्या. एरवी दोन दिवसांत काही दिसलं नाही की त्या फेकून देत. या राहिल्या म्हणून जठरातला जंतू उगवला. पुढे २००५ मध्ये नोबेल. आमच्याकडे हे शक्य नाही, कारण आमच्याकडे मामा आहेत. मामा म्हणजे आमच्या लॅबचे अटेंडंट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश, १५ पौंड दाब, संपला विषय. “मामा, अजून एक दिवस ठेवा ना,” म्हणून मुलीनं गयावया केली. मामा म्हणाले, “पोरी, या खोलीत मी हाव म्हणून तुम्ही जिते हा.” मामांच्या शिस्तीनं आमच्या विभागाची किती नोबेलं हुकली याची मोजदाद नाही, पण संसर्ग एकालाही झालेला नाही.

मार्शलनं पुढे ते जंतू स्वतः पिऊन दाखवले, हेही मुलानं वाचलं होतं. तो आशेनं माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला माठातलं पाणी प्यायला पाठवलं.

आमच्याकडे शिक्षकांना उन्हाळी सुट्टी दोन खेपांत मिळते, निम्म्यांना आधी, निम्म्यांना नंतर. मला आधीची मिळाली. म्हणजे विद्यार्थ्यांचं संशोधन ऐन भरात आणि गाइड सासरी, रत्नागिरीला. मार्गदर्शन व्हॉट्सॲपवरून. पानं मांडलेली, सासूबाई वाटीत आमरस ओततायत आणि मोबाईल वाजला. फोटो आला: प्लेटभर सोनेरी, गोलगोल, चकचकीत कॉलनीज. खाली मजकूर: ‘मॅडम, काय असेल?’

सासूबाई डोकावल्या. “हे कसले गं पेढे?”

“जंतू आहेत, आई. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असावा.”

“कुठले?”

“कुणाच्या तरी मोबाईलवरचे.”

त्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे, मग आमरसात बुडवायला उचललेल्या माझ्या पुरीकडे. “फोन ठेव तिकडे. आणि उठ, हात धुवून ये.”

परत आल्यावर कळलं, की स्वॅब गोळा करणं हे खरं संशोधन आहे. जंतू वाढवणं त्या मानानं सोपं. ज्याच्याकडे जावं त्याचा मोबाईल स्वच्छच. एक सर्जन म्हणाले, “माझा? अगं, तो माझ्याबरोबर थिएटरमध्ये असतो. स्टराइल आहे. तू मेडिसिनला जा.” मेडिसिनच्या सरांनी मोठ्या मनानं फोन दिला, पण देण्याआधी ॲप्रनला खसाखसा पुसून दिला. त्या ॲप्रनवर तीन वॉर्डांचा इतिहास होता. ते म्हणाले, “ऑर्थोचे बघ, खरी मजा तिथे आहे.” ऑर्थोवाल्यांनी बालरोग विभागाकडे बोट दाखवलं; मुलं फोन चाटतात म्हणे. भूलतज्ज्ञांना दोन मिनिटं फोन सोडायचा नव्हता, तेव्हा बाजार चालू होता. अख्खं हॉस्पिटल फिरून मुलगी परत आली तेव्हा एक गोष्ट सिद्ध झाली होती: जंतू नेहमी शेजारच्या विभागात असतात.

वॉर्डातल्या मावशींना चार पानी संमतीपत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे फोनले बी इन्फेक्शन हाय?”

“तेच पाहायचंय, मावशी.”

“माया फोन मी रोज पुसतो, बाई. तू पयले सायबायचा पाह्य.”

मग निकाल येऊ लागले. बहुतेक मोबाईलवर काही ना काही होतंच: कातडीवर राहणारे निरुपद्रवी कॉकाय, उन्हाळ्याच्या धुळीतले बॅसिलस. काहींवर मात्र तेच ते सोनेरी पेढे. आता हे पेढे औषधांना दाद देतात का? प्लेटवर सेफॉक्सिटिनची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ पट्टीनं मोजायचं. २२ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक, २१ किंवा कमी असेल तर एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू. एका प्लेटवर मुलीनं मोजले २१, मुलानं मोजले २२. दोघांनी पट्ट्या बदलल्या. आता मुलीचे आले २२, मुलाचे २१.

“मॅडम, साडेएकवीस लिहू का?” मुलानं तडजोड सुचवली. लग्नाच्या बैठकीत याला जरूर न्यावं.

मी पुन्हा ताजी प्लेट लावायला सांगितली. मे महिन्यात ‘पुन्हा’ या शब्दाचा अर्थ पंखा बंद असा होतो.

मग सुरू झाली वर्दळ. आपला मोबाईल स्वच्छच असल्याची खात्री असलेली सगळी मंडळी एकेक करून माझ्या खोलीत डोकावू लागली. आधी सर्जन आले. “सहज आलो होतो. ते... माझं काय आलं?” मी म्हटलं, “सर, नमुन्यांना कोड आहेत, नावं गोपनीय आहेत.” ते निराश झाले. “बरं, मेडिसिनवाल्यांचं काय आलं ते तरी सांगा.” मेडिसिनवाले आले, त्यांना ऑर्थोचं हवं होतं. स्वतःपेक्षा दुसऱ्याचं ऐकायची ओढ जास्त. मी सगळ्यांना तत्त्वाचं उत्तर देऊन वाटेला लावलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मुलीला बोलावून दार लोटलं आणि हळूच विचारलं, “माझा कोड कुठला गं?”

ती म्हणाली, “सॉरी मॅडम. संमतीपत्रात आहे ना, निकाल कुणालाही सांगणार नाही म्हणून. पान तीन.”

पान तीनचा मसुदा मीच केला होता.

रिपोर्ट तयार झाला. ‘ऋणनिर्देश’मध्ये विभागप्रमुख, मी, आई-वडील, परमेश्वर असा सगळा गोतावळा होता, मामा आणि मावशी मी घालायला लावले. निष्कर्ष असा निघाला, की मोबाईल ७० टक्के अल्कोहोलनं नियमित पुसावा आणि हात धुवावेत. (१०० टक्के का नको, तर जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, हा प्रश्न मौखिक परीक्षेत विचारतात.) हात धुण्याचं महत्त्व सेमेलवाइसनं व्हिएन्नात १८४७ मध्ये सांगितलं होतं आणि सासूबाईंनी रत्नागिरीत आमरसाच्या वेळी. त्यांना चार पी क्यूची गरज पडली नव्हती. रिपोर्टची शेवटची ओळ अर्थातच ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ अशी. स्टेथोस्कोपवाल्याचा निष्कर्ष तोच होता, फक्त ‘मोबाईल’च्या जागी ‘स्टेथोस्कोप’.

पण निष्कर्ष नुसता कागदावर राहू नये, असं विभागप्रमुखांना मनापासून वाटलं. त्यांनी परिपत्रक काढलं: ‘वॉर्डात मोबाईल कमीत कमी हाताळावा, ग्लोव्ह घातलेल्या हातानं मोबाईलला स्पर्श करू नये.’ ते सगळ्यांपर्यंत लगेच पोचावं म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. मुलगी त्या वेळी सर्जरीच्या वॉर्डात होती. ती सांगत होती, एकाच वेळी सगळीकडे टुंग टुंग वाजलं, ड्रेसिंग करणारे हात थांबले, खिशात गेले, फोन बाहेर आले, परिपत्रक वाचून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि झटपट अंगठे दाखवले. ग्लोव्ह न काढता.